दोन पानं आणि एक शब्द : तण्णीर

२ डिसेंबर २०१५. त्या सकाळी चेन्नईकरांच्या दारात ‘द हिंदू’ पडलाच नाही. १८७८ साली सुरू झालेलं हे वर्तमानपत्र त्या दिवशी चेन्नईत छापलंच गेलं नव्हतं. संप नव्हता, सुट्टी नव्हती. आदल्या दिवशी आभाळ फाटलं होतं. शहराच्या दक्षिणेला तांबरममध्ये चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. अड्यार नदी पात्र सोडून घराघरांत शिरली, विमानतळ बंद पडला. ‘हिंदू’चा छापखाना शहराबाहेर, मरैमलै नगरला. कामगार तिथवर पोहोचूच शकले नाहीत. लिहिणारे होते, बातम्या होत्या, पण अक्षरं कागदावर उतरली नाहीत. पाण्यानं अक्षरांची वाट अडवली होती.

आता साडेतीन वर्षं पुढे या. जून २०१९. तेच चेन्नई. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चार मोठे तलाव जवळजवळ कोरडेठाक. गल्लोगल्ली लाल, हिरव्या, निळ्या प्लॅस्टिकच्या घागरींच्या रांगा. टँकर आला की पळापळ. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची रेल्वेगाडी २५ लाख लिटर पाणी घेऊन शहरात आली, तेव्हा लोक तिला बघायला जमले. लातूरकरांना हे नव्यानं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ त्यांच्याही दारात अशीच आली होती.

पाण्याला तमिळमध्ये म्हणतात ‘तण्णीर’. म्हणजे थंड पाणी. एकच शब्द. २०१५ मध्ये तो उच्चारताना लोकांच्या अंगावर काटा यायचा आणि २०१९ मध्ये तोंडाला कोरड पडायची!

आता समजा, चेन्नईत डिझाइन शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला सरांनी सांगितलं, की ही गोष्ट मासिकाच्या समोरासमोरच्या दोन पानांवर मांड. अट एवढीच, की फोटो लावायचा नाही, चित्र काढायचं नाही. जे काही सांगायचं ते अक्षरांनीच सांगायचं. मुदत तीन आठवडे.

रात्री फोनवर सांगलीहून आईचा प्रश्न येणारच, ‘‘अगं, दोन पानांना तीन आठवडे? आम्ही तर परीक्षेच्या आदल्या रात्रीत अख्खं जर्नल पुरं करायचो!’’

आईचं चुकत नाही. अक्षरं म्हणजे लिहायची आणि वाचायची गोष्ट. ती मोठी-लहान, तिरकी-सरळ करत बसायला एवढी फी भरून कॉलेजात कशाला जायचं, असं अनेक घरांत वाटतं. पण या दोन पानांत नेमकं काय शिकायचं असतं ते बघितलं, की तीन आठवडेही कमी वाटू लागतात.

नट आणि अक्षर

या प्रकाराला डिझाइनच्या जगात ‘एक्स्प्रेसिव्ह टायपोग्राफी’ म्हणतात. आपण त्याला बोलकी अक्षरं म्हणू. नाटकाची संहिता कागदावर सगळ्यांना सारखीच दिसते. नट ती बोलतो तेव्हा त्यात राग येतो, थट्टा येते, थरथर येते. बोलकी अक्षरं नटाचंच काम करतात. शब्द तेच, पण ते पानावर कुठे उभे आहेत, किती मोठे आहेत, एकमेकांना खेटून आहेत की लांब उभे आहेत, यावरून वाचणाऱ्याच्या मनात आवाज उमटतो.

मराठी माणसाला हे कोणी शिकवायला नको. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. कमल शेडगे यांच्या हातून उतरलेलं नाटकाचं नाव बघितलं, की तिकीट काढण्याआधीच कळायचं, आज पोट धरून हसायचं आहे की रुमाल बरोबर न्यायचा आहे! २०२० मध्ये शेडगे गेले, पण त्यांनी घडवलेली नावं आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत.

परदेशातलं याचं गाजलेलं उदाहरण पॅरिसचं आहे. युजीन आयनेस्कोचं ‘द बाल्ड सोप्रानो’ हे नाटक १९५० मध्ये रंगभूमीवर आलं. माणसं एकमेकांशी बोलतात खूप, पण सांगत काहीच नाहीत, असं ते विक्षिप्त नाटक. रोबेर मासँ या डिझायनरनं १९६४ मध्ये गालिमार प्रकाशनासाठी त्याचं पुस्तक केलं. नाटक त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं, नटांचे आवाज कानांत साठवले आणि मग प्रत्येक पात्राला स्वतःचा टाइप दिला. पुरुष सरळ अक्षरांत बोलतात, बायका तिरक्या अक्षरांत. भांडण पेटलं की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. रंगमंचावर शांतता पसरली, की पान जवळपास कोरं. पुस्तक वाचता वाचता नाटक ऐकू येतं!

पण एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या विद्यार्थिनीला हवं असलेलं उदाहरण तिच्या कॉलेजपासून बसच्या अंतरावर आहे. चेन्नईच्या तिरुवान्मियूर भागात ‘तारा बुक्स’ ही प्रकाशनसंस्था आहे. गीता वुल्फ यांनी ती १९९४ मध्ये सुरू केली. हातानं छापलेल्या, हातानं शिवलेल्या पुस्तकांसाठी ती आज जगभर ओळखली जाते. १९९८ मध्ये ‘तारा’नं मुलांसाठी ‘एनिथिंग बट अ ग्रॅबूबेरी’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. त्यातली गमतीदार, बिनअर्थाची बडबडगाणी अनुष्का रविशंकर यांची आणि मांडणी चेन्नईच्याच तरुण डिझायनर रत्ना रामनाथन यांची. या पुस्तकात अक्षरंच चित्रं झाली. ती उड्या मारतात, घरंगळतात, पानाच्या कडेला जाऊन लपतात.

२००९ मध्ये रत्ना रामनाथन यांनी ‘तारा’साठीच ‘इन द लँड ऑफ पंक्चुएशन’ केलं. क्रिस्टियान मॉर्गेनस्टर्न या जर्मन कवीची ही कविता विरामचिन्हांच्या राज्याची आहे. तिथे अर्धविरामांना परकं ठरवलं जातं आणि बाकीची चिन्हं त्यांच्यावर तुटून पडतात. ऐकायला गंमत, पण आतून अंगावर येणारी गोष्ट. सगळी चित्रं विरामचिन्हांचीच. मुलांना हसू येतं, मोठे गप्प होतात. मुलांच्या पुस्तकांतल्या अक्षरखेळापासून निघालेल्या रत्ना पुढे लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या नामांकित कला महाविद्यालयाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचल्या. ‘अक्षरं हलवून काय मिळतं?’ असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर.

आधी वाचा, मग मांडा

आता पुन्हा आपल्या विद्यार्थिनीकडे येऊ. पहिला दिवस. बहुतेक मुलं काय करतात? कॉम्प्युटर उघडतात, शंभर फॉन्ट धुंडाळतात, ‘पूर’ म्हटलं की अक्षरांना लाटांसारखं वळवतात आणि ‘दुष्काळ’ म्हटलं की अक्षरांना तडे पाडतात. दोन तासांत काम खलास! दिसायला झकास. भिंतीवर लावलं, की चांगले सर एकच प्रश्न विचारतात, ‘‘लेख वाचलास का?’’

इथेच खरी मेख आहे. लाटा आणि तडे हे शब्दकोशातल्या ‘पूर’ आणि ‘दुष्काळ’ या शब्दांचे अर्थ झाले. चेन्नईचा अर्थ तेवढाच आहे का? चेन्नईत वर्षाला सरासरी १४० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरकराला हेवा वाटावा इतका. पण त्यातला मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत येतो आणि तो साठवून वर्ष काढायचं असतं. त्यासाठी जुन्या लोकांनी गावोगाव तळी, ‘एरी’ बांधल्या होत्या. शहराच्या दक्षिणेला पळ्ळिकरणैची मोठी पाणथळ जमीन होती. शहर वाढलं तसे भराव पडले, इमारती उठल्या, तळी आणि पाणथळ जागा आक्रसत गेल्या. पाऊस जास्त झाला की पाण्याला थांबायला जागा नाही, म्हणून पूर. पाऊस कमी झाला की साठवलेलं काही नाही, म्हणून कोरड.

म्हणजे २०१५ आणि २०१९ या दोन गोष्टी नाहीतच. ती एकच गोष्ट आहे. मोकळ्या जागेची गोष्ट!

हे एक वाक्य सापडायला आपल्या विद्यार्थिनीचा पहिला आठवडा गेला. लेख तीनदा मोठ्यानं वाचला. वाचताना जिथे आवाज आपोआप खाली आला, तिथे पेन्सिलीनं खूण केली. जिथे श्वास अडला, तिथे दुसरी खूण. मग सगळ्या लेखाचा अर्थ एका वाक्यात लिहिला. आठवडाभरात पानावर एकही अक्षर चढलं नव्हतं. पण आता तिला माहीत होतं, की आपल्याला लाटा नकोत, तडे नकोत. आपल्याला मोकळी जागा दाखवायची आहे.

पानावर मोकळी जागा कोणती? समास! मजकुराच्या चहूबाजूंनी सोडलेला कोरा पांढरा पट्टा. लहानपणी वहीत लाल रेघ ओढून आपण तो सोडायचो आणि कागद वाया जातो म्हणून आजी ओरडायची. पण समास वाया जात नाही. तो डोळ्याला थांबायला जागा देतो, अंगठ्याला पान धरायला जागा देतो. समास म्हणजे पानाची पाणथळ जमीन. ती बुजवली, की पानाला पूर येतो.

मग मांडणी आपोआप सुचू लागते. ए-चार आकाराची दोन पानं शेजारी उघडली, की ४२० बाय २९७ मिलिमीटरचा आडवा कागद होतो. उजव्या पानावर २०१५. मजकूर समास ओलांडून थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलेला, ओळी खालून वर चढत आलेल्या, कुठेही श्वास घ्यायला फट नाही. डाव्या पानावर २०१९. अफाट कोरा कागद आणि तळाशी मजकुराचा अरुंद पट्टा, तळ गाठलेल्या हौदासारखा. मधली घडी म्हणजे या दोन वर्षांमधलं अंतर. आधी घडलेलं वर्ष उजवीकडे का? कारण डावीकडची तहान वाचून झाल्यावर वाचकाला कळावं, की पाणी तर आलं होतं, आपणच त्याला जागा दिली नाही.

एका टिंबाची किंमत

दुसऱ्या आठवड्यात शीर्षकाचं काम. शब्द ठरलेला आहे, तण्णीर. तो तमिळ लिपीतच हवा, कारण पान चेन्नईच्या वाचकासाठी आहे.

तमिळमध्ये जोडाक्षरं आपल्यासारखी लिहीत नाहीत. आपण जिथे अक्षर मोडतो किंवा पाय मोडतो, तिथे ते अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देतात. त्याला म्हणतात ‘पुळ्ळी’. चेन्नईच्या बायका सकाळी दारात ‘पुळ्ळी कोलम’ घालतात, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी, तीच ही पुळ्ळी. ‘तण्णीर’ या शब्दात अशा दोन पुळ्ळ्या येतात. एक पहिल्या ‘ण’वर आणि एक शेवटच्या ‘र’वर.

दोन टिंबं... पाण्याचे दोन थेंब! डिझाइन शिकणाऱ्या मुलीला यापेक्षा आणखी काय हवं? तिनं लगेच दोन्ही टिंबं अक्षरांवरून सोडवली आणि पानाच्या तळाशी टपकवली. कोरड्या शब्दातून पडलेले शेवटचे दोन थेंब. स्वतःवरच खूश होऊन तिनं ते शेजारच्या खोलीतल्या तमिळ मैत्रिणीला दाखवलं. मैत्रीण अडखळली. ‘‘तणणीर? म्हणजे काय?’’

टिंबं पडली आणि शब्दही पडला. गंमत म्हणजे जुन्या काळी हे चालून जायचं. ताडपत्रावर टोकदार लोखंडी लेखणीनं लिहीत. टिंब देताना पानाला भोक पडण्याची भीती. म्हणून पोथ्यांमध्ये पुळ्ळ्या बहुधा गाळलेल्याच असतात आणि जाणकार वाचक त्या मनानं भरून घेत. पण मासिकाचा वाचक पंडित नसतो. तो बसमध्ये उभा राहून, दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत, भाजी फोडणीला टाकता टाकता वाचत असतो. त्याला कोडी घालून चालत नाही.

मद्रासच्याच एका मोठ्या चित्रकाराचा दाखला इथे उपयोगी पडतो. १८५० मध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी सुरू केलेलं मद्रासचं कला महाविद्यालय हे देशातल्या जुन्या कलाशाळांपैकी एक. तिथले प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६३ पासून ‘शब्द आणि चिन्हं’ ही प्रसिद्ध चित्रमालिका केली. कॅनव्हासभर अक्षरांसारख्या खुणा, पत्रिकेतल्यासारख्या चौकटी, आकडे. वाचायला जावं तर काहीच लागत नाही आणि तरी नजर हटत नाही. १९६६ मध्ये चोळमंडल हे कलाकारांचं गाव वसवणाऱ्या पणिक्करांना ती मुभा होती. चित्रकाराचं अक्षर वाचता आलं नाही तरी चालतं. डिझायनरचं नाही. दोघांच्या वाटा इथे वेगळ्या होतात.

मग दोन थेंबांचं काय झालं? ती कल्पना टाकून द्यायची गरज पडली नाही, फक्त उलटी करावी लागली. टिंबं जागच्या जागी राहिली. बाकीची अक्षरं तिनं जवळजवळ कोरड्या ब्रशनं लिहिली, खरखरीत, शाई संपत आलेली. आणि दोन टिंबं तेवढी भरलेली, ओली, काळीभोर. सबंध पानावर ओल फक्त त्या दोन ठिकाणी. आता शब्द वाचताही येतो आणि घसाही कोरडा पडतो.

आपल्या शिरोरेषेचं काय?

आईला दाखवायला म्हणून तिनं तेच पान मराठीत करून बघायचं ठरवलं, तर नवीच गंमत सुरू झाली. दुष्काळासाठी शिरोरेषेला तडे द्यावेत असं कोणालाही वाटेल. पण देवनागरीत शिरोरेषेची फट ही काही नुसती नक्षी नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ ओळखताना डोळा त्या फटीचाही आधार घेतो. चुकीच्या जागी तडा गेला तर ‘घन’चं ‘धन’ व्हायचं! दुष्काळात हे बरंच झालं असं कोणी म्हणेल, पण वाचकाची फसगत होते ती होतेच.

पुराचंही तसंच. रोमन अक्षरांचा खालचा अर्धा भाग झाकला तरी शब्द बहुतेक वेळा वाचता येतो, वरचा झाकला तर अडतं. म्हणून इंग्रजीत बुडणारी अक्षरं करणं तुलनेनं सोपं. आपल्याकडे पाणी चढायला लागलं, की सगळ्यात आधी बुडतात उकार. ‘पूर’ हा शब्द कमरेपर्यंत नाही, नुसता घोट्यापर्यंत बुडवला तरी उरतो ‘पर’. खोटं वाटत असेल तर कागदाची एक पट्टी घ्या आणि या पानावरची एखादी ओळ खालून थोडी थोडी झाकत जा.

म्हणूनच इंग्रजी पुस्तकांतल्या युक्त्या जशाच्या तशा उचलून भागत नाही. प्रत्येक लिपीचं नाक कुठे आहे आणि मान कुठे, हे तिच्यात वाचणाऱ्यालाच कळतं. आणि आज डिझाइन कॉलेजांतली पुष्कळ मुलं इंग्रजीतच कामं करतात, कारण उदाहरणं इंग्रजीत, फॉन्ट इंग्रजीत जास्त आणि सादर करायचं तेही इंग्रजीत. तमिळ मुलाला तमिळमध्ये आणि मराठी मुलीला मराठीत पान मांडता आलं नाही, तर उद्या आपली मासिकं, पाठ्यपुस्तकं, औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना आणि रेल्वेच्या पाट्या कोण मांडणार? आणि मांडल्या तरी, ‘पूर’चा ऊकार बुडाला हे कोणाच्या लक्षात येणार?

तसं बघितलं तर मराठी अक्षरांचं आणि तमिळ मुलखाचं नातं जुनं आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजे भोसले यांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. त्यांनीच तंजावरला ‘नवविद्याकलानिधी’ नावाचा छापखाना काढला, देवनागरी खिळे बनवून घेतले आणि तिथे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं ते त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८३१ मध्ये!

त्या देण्याची परतफेडही एका मराठी माणसानं केली. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे सगळ्यांचे र. कृ. जोशी, हे सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले प्राध्यापक. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणाऱ्या लाखो लोकांनी वापरलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडला आणि विंडोजमधला ‘लता’ हा तमिळ फॉन्टही. २००८ मध्ये जोशी सर गेले. पण चेन्नईतल्या एखाद्या कचेरीत कोणी तमिळमध्ये अर्ज टाइप करतो, तेव्हा त्यात एका मराठी माणसाची नजर असते. आजच्या मुलांसाठी वाट आणखी मोकळी झाली आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट देवनागरी, तमिळ आणि इतर भारतीय लिप्यांमध्ये फुकट मिळतात. प्रिया रविचंद्रन यांच्या तमिळ फॉन्टचं नाव ‘कॅटॅमरान’. हा इंग्रजी शब्द मुळात तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं. मरीना किनाऱ्यावरचे कोळी त्याच्यावर बसून समुद्रात जायचे.

भिंतीवरची परीक्षा

तिसरा आठवडा छाटाछाटीचा. आपल्या विद्यार्थिनीनं पान खऱ्या आकारात छापून भिंतीला चिकटवलं आणि सहा फूट मागे जाऊन बघितलं. लांबून काय दिसतं? मग जवळ येऊन लेख वाचला. डोळे कुठे थकतात? कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुंदर दिसणारं पान कागदावर कसं लबाडी करतं ते तिथे कळतं. शीर्षकाचं एक अक्षर बरोबर घडीवर आलं होतं. मासिक पिना मारून बांधलं, की ते अक्षर घडीनं गिळलंच म्हणून समजा. ते सरकवावं लागलं.

उजव्या पानावर मजकूर समास ओलांडून गेला खरा, पण छापखान्यात कागदाच्या कडा कापतात, त्यात ओळींचे शेवट जाणार. मग लेखाचा मूळ मजकूर तिनं सुरक्षित जागेत ठेवला, नऊ-दहा पॉइंटात, नीट वाचता येईल असा. आणि कडेपर्यंत गेल्या त्या फक्त पुरात बुडालेल्या वस्त्यांच्या नावांच्या ओळी. शेवटचं अक्षर कापलं गेलं तरी अर्थ कळतो, आणि कापलं जाणं हाही त्यातला अर्थच. बोलक्या अक्षरांचा नियम सोपा आहे. पानावर एक-दोघांनीच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सगळेच ओरडायला लागले, की लग्नाच्या पंगतीसारखा नुसता कलकलाट होतो.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी येतो. अड्यारच्या काठावर ज्याचं घर वाहून गेलं, त्या माणसानं हे पान उघडलं तर? त्याला वाटेल का, की कोणीतरी आपलं दुःख ऐकलं? की वाटेल, आपल्या बुडण्याची कोणीतरी छान नक्षी काढली? पहिल्या दिवशी दोन तासांत झालेल्या त्या देखण्या लाटा इथेच नापास होतात. तीन आठवड्यांची फी भरायची ती हा प्रश्न स्वतःला विचारायला शिकण्यासाठी.

एवढं करून ही मुलगी पुढे काय करेल? मासिकं, पुस्तकं, वर्तमानपत्रं, पाट्या, मोबाइलवरचे पडदे, नवे फॉन्ट... जिथे जिथे माणसं वाचतात तिथे तिथे कोणीतरी आधी बसून त्यांच्यासाठी पान मांडलेलं असतं. ते नीट मांडलेलं असलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण औषधाचा डोस वाचताना आजोबांना चष्मा दोनदा पुसावा लागला, तर समजावं, तिथे कोणीतरी वाचल्याशिवाय मांडलं होतं.

घरात चित्रकलेची आवड असलेलं मूल असेल, तर येत्या रविवारी एक खेळ खेळून बघा. जुन्या वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं कापा, कोऱ्या कागदावर ‘पाऊस’ लिहायला सांगा. रंग नाही, चित्र नाही, ढग नाही, छत्री नाही. फक्त तीन अक्षरं. आणि कापायला बसण्याआधी मुलाला एवढंच विचारा, ‘‘कुठला पाऊस रे? शाळेला सुट्टी देणारा, की बाबांना स्टेशनात अडकवणारा?’’ उत्तर आलं, की मग कात्री द्या.